तुम्ही विचारलंत म्हणून: दोन दिवसांत नाशिकच्या वाइनरी आणि जुनी गावं

मुंबई-पुण्याकडून हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो: शनिवार-रविवार आहे, स्वतःची गाडी आहे, वाइनरी बघायची आहे आणि देवळं, वाडे, पैठणीही, कसं बसवायचं? सोबत बहुतेक वेळा चार-पाच वाइनरींची यादीही येते. त्या यादीतली एक ठेवा, बाकीच्या खोडा. ट्रिप बिघडते ती वाइनरी चुकीची निवडल्याने नाही, दुपारी बारालाच टेस्टिंगला बसल्याने. जुनं गाव सकाळी, वाइन संध्याकाळी, आणि वाइननंतर स्टिअरिंगला हात नाही, एवढं पाळलं की बाकीचं आपोआप जुळतं.

हे का, त्याचा हिशोब साधा आहे. टेस्टिंगला दर ग्लासात साधारण ३० मिली ओततात. सहा वाइन चाखल्या की १८० मिली. अल्कोहोल १३ टक्के धरलं तर पोटात १८ ग्रॅमच्या आसपास गेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ७० किलोच्या पुरुषाचा आकडा एवढ्यावर ४० च्या जवळ जाऊ शकतो, ५५ किलोच्या बाईचा ५० च्याही पुढे. शरीर तासाला अंदाजे १५ उतरवतं, तेही जेवण, वय, तब्येत बघून. म्हणजे ‘नुसतं चाखलंय’ म्हणणारा माणूसही मर्यादेबाहेर असू शकतो. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून एक तर वाइनरीतच किंवा शेजारी मुक्काम करा, नाहीतर हॉटेलवर गाडी ठेवून जाता-येताची टॅक्सी ठरवा. परतीची टॅक्सी जातानाच ठरवायची, रात्री गंगापूर धरणाकडे, जिथे वाइनरी आहेत, आयत्या वेळी गाडी मिळेल या भरवशावर राहू नका.

आता रस्ता. मुंबईकरांनी कसारा घाटातल्या ट्रकांमागे सकाळ घालवण्यापेक्षा भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्ग धरावा आणि सिन्नरला उतरावं. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाल्यापासून हे सोपं झालंय. टाकी भरूनच चढा, वाटेत पंप येईल असं धरून चालू नका. घरून निघण्याआधी, टायर गार असताना, हवा तपासा. सलग वेगात सिमेंटच्या रस्त्यावर जुना, हवा कमी असलेला टायर तापतो आणि फुटतो. पुणेकरांना सिन्नर नाशिक रस्त्यावरच लागतं.

सिन्नरला गोंदेश्वर. यादवकालीन, भूमिज शैलीचं, मधे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळं असं पंचायतन, सगळं एका उंच जोत्यावर. घाईत लोक समोरून फोटो काढतात आणि निघतात. बाजूला जाऊन शिखराकडे बघा: खालून वर गेलेल्या उभ्या पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांच्या मधे त्याच शिखराच्या इवल्या प्रतिकृती, ओळीवर ओळ, वर जाताना लहान होत गेलेल्या. दहाच्या आत पोचा. काळा दगड उन्हाने तापतो आणि जोत्यावर अनवाणी फिरायचं असतं. पायमोजे जवळ ठेवले तर बरं.

तिथून नाशिक तीसेक किलोमीटर. गाडी हॉटेलवर लावा आणि रिक्षाने रविवार कारंजावर उतरा. जुन्या नाशकात गाडी घालणं म्हणजे बोळात अडकून मागे येणं. कारंजावरून सुंदरनारायण, पूल ओलांडून रामकुंड, नारोशंकर, मग काळाराम, सगळं पायी होतं. नारोशंकराची घंटा मूळची पोर्तुगीज, वसईच्या १७३९ च्या विजयानंतर इकडे आलेली. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला. ते दार नीट बघून मग आत जा. पांडवलेणीही याच दिवसात कोंबायची असेल तर त्र्यंबकेश्वर सोडा. सोमवारी त्र्यंबक कुणीच धरू नये, आणि २०२६ ते २०२८ या काळात सिंहस्थ आहे, त्यामुळे पर्वणीच्या तारखा बघूनच बुकिंग करा.

दुपारी मिसळ खाऊ नका. नाशकात हे बोलणं धाडसाचं आहे, पण झणझणीत तर्रीनंतर जीभ दोन-तीन तास कामाची राहत नाही, आणि लाल वाइनमधलं टॅनिन, म्हणजे सालीतून येणारा तुरटपणा, तिखटाची आग आणखी भडकवतं. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी.

चारच्या सुमाराला गंगापूर धरणाच्या बाजूला. सुला, यॉर्क, सोमा एकमेकांच्या जवळ आहेत. मोठी टूर हवी असेल तर सुला, पण शनिवारी तिथे जत्रा असते. शांतपणा हवा असेल तर इगतपुरीजवळचं व्हॅलोने बघा, आधी फोन करून. टूरची वेळ आधी बुक करा आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे. मतदान असेल तर ते संपण्याआधीचे ४८ तासही कोरडे.

वेलीवर द्राक्ष बघायचं असेल तर जानेवारी ते मार्चची सुरुवात. एप्रिलमध्ये नव्या फांद्यांसाठीची खरड छाटणी होते, फळासाठीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यामुळे पावसाळ्यात मळा हिरवागार दिसतो, पण घड नसतो, आणि बरेच जण तेव्हाच येऊन हिरमुसतात. हंगामात शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा एक मणी मागून घ्या. आपण खातो त्या बिनबियांच्या थॉम्सनच्या निम्मा, साल जाड, आत बिया, आणि चावल्यावर दातांना आवळल्यासारखं होतं. तीच साल टाकीत रसासोबत राहते म्हणून वाइन लाल होते. पांढरीसाठी रस आधीच पिळून वेगळा काढतात. चाखताना स्पार्कलिंग, पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, असा क्रम ठेवा. उलट केलंत तर पांढरी पाण्यासारखी लागते. थुंकायचं भांडं मागायला लाजू नका.

दुसऱ्या दिवशी निफाड-विंचूरमार्गे येवला, ऐंशीएक किलोमीटर. विंचूरला एमआयडीसीचं वाइन पार्क आहे, पण तिथे टूर मिळेल असं गृहीत धरू नका. हिवाळा असेल तर वाकडी वाट करून नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी. कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या या पट्ट्यात भरपूर, मागचा दिवा असेलच असं नाही. हा रस्ता उजेडीच संपवा. येवल्यात पैठणी घेताना पदर उलटून बघा. हातमागाच्या पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. सुटे, कापलेले धागे दिसले तर ती सेमी, म्हणजे हातमागाची नव्हे. परतताना नाशिकला वळू नका. कोपरगावकडे उतरून शिर्डीजवळ मुंबईकरांनी समृद्धी पकडावी, पुणेकरांनी संगमनेर.

बाटल्या डिकीत टाकू नका. उन्हात उभ्या गाडीत वाइन शिजते, बूच वर सरकतं. एसीच्या गार हवेत, पुढच्या सीटमागे पायाशी, टॉवेलात गुंडाळून आडव्या ठेवा, आणि जेवायला थांबलात तर सावलीत लावा. स्पार्कलिंगच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, ती बंद गाडीत अजिबात सोडू नये. बिल जपून ठेवा. सापुताऱ्यावरून सुरतेकडे जाणाऱ्यांनी एकही बाटली घेऊ नये. गुजरातेत दारूबंदी आहे आणि नाशिकचं बिल तिथे चालत नाही.