तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबडी सरीसृप कशी?

शाळेच्या पुस्तकात मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन असे पाच वर्ग वेगवेगळे दिले आहेत, मग पक्षी सरीसृपांत कसे, असं मला नेहमी विचारलं जातं.

कागदावर वंशवृक्षासारखं एक झाड काढा. बुंध्यापासून पहिली मोठी फांदी पाली, सरडे, सापांची. पुढची कासवांची. उरलेल्या फांदीला दोन फाटे: एक मगरीचा, दुसरा डायनोसॉरचा, आणि पक्षी त्याच्याच शेंड्यावर. आता कात्री घ्या. एकाच ठिकाणी कापल्यावर जे हातात येईल तो खरा गट. पाल, कासव आणि मगर एकत्र हवी असतील तर बुंध्याशीच कापावं लागतं आणि कोंबडीही सोबत येते. तिला वगळायला दुसऱ्यांदा कात्री चालवावी लागते. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी 1950 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणाच्या पद्धतीत ती मुभा नाही. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यानं 18व्या शतकात वर्ग पाडले ते दिसण्यावरून. डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत तेव्हा आलेलाच नव्हता.

गफलत बहुधा इथे होते: ‘पाल आणि मगर दोघींना खवले, दोघी थंड रक्ताच्या, म्हणजे त्या जवळच्या.’ पण हे गुण जुन्या पूर्वजांकडून चालत आलेले आहेत. पक्ष्यांनी ते बदलले म्हणून नातं तुटत नाही. जवळचं नातं दाखवतात ते नंतर आलेले, मोजक्यांतच आढळणारे गुण. पालीच्या हृदयात तीन कप्पे, मगरीच्या आणि कोंबडीच्या हृदयात चार. चार कप्पे माणसालाही आहेत, पण सस्तनांत ते स्वतंत्रपणे आले. म्हणून एकाच खुणेवर भिस्त ठेवू नये. कोंबडी साफ करताना छातीपुढे बेचकीसारखं हाड निघतं. तेच हाड टायरॅनोसॉरस या डायनोसॉरलाही होतं. जर्मनीतल्या बव्हेरियात 1861 मध्ये जीवाश्मावरून नोंदवलेल्या, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किओप्टेरिक्स या प्राण्याला पिसं होती, शिवाय दात आणि हाडांची लांब शेपटीही. चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या, 1996 मध्ये नाव दिलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या न उडणाऱ्या डायनोसॉरच्या अंगावर पिसांसारखे तंतू सापडले.

मात्र ‘पक्षी मगरीपासून झाले’ असं लिहू नका. मगर त्यांची पूर्वज नव्हे, चुलत भावंड आहे. आज जिवंत असलेल्यांत मगरीला पालीपेक्षा कावळा जवळचा.