आधी श्वास सोड, मग हात सोड

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. या शाळेने मला भाषा दिली, गणित दिले, वाचनाची गोडी दिली, आणि या सर्वांचे ऋण मी मानते. परंतु गेली अनेक वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करताना ज्या शिक्षणाच्या आधारावर मी मनाने उभी राहू शकले, ते मला वर्गात नव्हे, तर व्यायामशाळेच्या लोखंडी तुळईला टांगलेल्या एका सुती दोरावर मिळाले.

आपले गाव जुन्या औंध संस्थानातले. १९०९ साली गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातील शाळांमध्ये त्यांनी ते सक्तीचे केले होते. आपली शाळा सुरू झाली तेव्हा संस्थान नुकतेच विलीन झाले होते. सक्ती गेली, पण रिवाज राहिला. परिपाठ झाला की ‘ॐ मित्राय नमः’पासून ‘ॐ भास्कराय नमः’पर्यंत बारा नमस्कार घालूनच आम्ही वर्गात जात असू. बाहेरगावाहून बदलून आलेल्या मुलांना याचे नवल वाटे. आम्हांला मात्र हे कोणी मुद्दाम शिकवले असे आठवतच नाही, इतके ते गावाच्या अंगवळणी पडलेले होते.

आमचे व्यायामाचे सर मितभाषी होते. कोणी किती नमस्कार घातले याची चौकशी ते कधी करीत नसत. मागे वाकताना श्वास आत घेतला का, पुढे वाकताना तो पुरता सोडला का, एवढ्याकडेच त्यांचे लक्ष असे आणि कोणी श्वास कोंडून घाईघाईने नमस्कार उरकू लागले, तर ते त्याच्यापाशी येऊन उभे राहत व स्वतः मोठ्याने श्वास सोडत. तेवढे पुरत असे.

मुलांसाठी मैदानात पुरलेला मल्लखांब होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले, हे आम्हांला सरांनीच सांगितले. एरंडेल चोळून गुळगुळीत झालेल्या त्या लाकडावर मुले अढी मारून चढत, तेव्हा आम्ही मुली दोरावर असू. दोरीच्या मल्लखांबात दोराला कोठेही गाठ मारायची नसते. पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्यामध्ये दोर धरून वर चढायचे, तो मांडीभोवती व कमरेभोवती वेढून घ्यायचा आणि मग केवळ त्या वेढ्याच्या व स्वतःच्या भाराच्या भरवशावर दोन्ही हात सोडायचे. आठवीत असताना पहिल्यांदा उलटी लटकले तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो. कानांत ठोके घुमत होते, सुती दोराचा पीळ मांडीत रुतला होता, खाली फळीवर ठेवलेल्या चपलांची रांग आभाळात टांगल्यासारखी दिसत होती आणि माझ्या मुठी काही केल्या उघडत नव्हत्या. भीतीने गुडघा आक्रसला की वेढा सरकतो आणि वेढा सरकला की भीती आणखी वाढते. सर खाली गादीपाशी उभे होते. ‘घाबरू नकोस’ असे ते म्हणाले नाहीत. ते इतकेच म्हणाले, “पोरी, आधी श्वास सोड, मग हात सोड.” मी श्वास सोडला. खांदे सैल पडले, मांडीवर भार नीट बसला आणि मुठी आपोआप उघडल्या.

भीती वाटू नये असे मनाला कितीही बजावले तरी मन ऐकत नाही. शरीर मात्र सांगितलेले ऐकते, आणि ते ऐकू लागले की मन त्याच्यामागून येते. व्यायामाबद्दल मला जे काही सांगायचे आहे त्याचा गाभा हाच आहे. ‘चले वाते चलं चित्तम्’, म्हणजे श्वास चंचल असला की मनही चंचल होते, हे हठयोगातील वचन मी पुढे वाचले, तेव्हा ते मला नवे वाटले नाही, कारण त्याचा प्रत्यय मी आठवीतच घेतला होता.

त्यामागचे कारण मला नोकरीत समजले. एखाद्या तरुण रुग्णाच्या खाटेजवळच्या मॉनिटरकडे थोडा वेळ शांतपणे पाहिले, तर श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर पडताना मंदावतात, हे डोळ्यांनी दिसते. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरील अंमल वाढतो आणि हाच मज्जातंतू शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या यंत्रणेचा मुख्य वाहक आहे. नियमित व्यायाम करणाऱ्याचे हृदय श्रमाच्या वेळी झपाट्याने धावते आणि श्रम थांबताच तितक्याच लवकर पूर्वपदावर येते. शरीराला ही ये-जा सवयीची झालेली असली की राग, धास्ती किंवा दुःख यांनी छाती धडधडू लागल्यावरही परत येण्याची वाट त्याला ठाऊक असते. भावनिक समतोल म्हणजे काही न वाटणे नव्हे. जे वाटायचे ते पुरतेपणी वाटून पुन्हा स्थिर होता येणे म्हणजे समतोल, अशी माझी समजूत माझ्या कामाने पक्की केली आहे.

हा केवळ माझा अनुभव नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, नैराश्याचा आजार असलेल्या आणि वयाची पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या १५६ स्त्री-पुरुषांचे तीन गट केले होते. एका गटाला औषध दिले, दुसऱ्याकडून देखरेखीखाली व्यायाम करून घेतला आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. औषधाचा गुण लवकर दिसला, परंतु सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच होती. येथे परिचारिका म्हणून एक गोष्ट मी आवर्जून नमूद करते, की ज्याला डॉक्टरांनी औषध दिले आहे त्याने ते स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. गंभीर नैराश्यात माणसाला अंथरुणातून उठणेही अशक्य होते आणि अशा माणसाला ‘जरा पळून ये म्हणजे बरे वाटेल’ असे ऐकवणे क्रूरपणाचे आहे. त्याच्यासोबत अंगणात दोन फेऱ्या मारणे मात्र कोणालाही शक्य आहे.

करोनाच्या काळात आमच्या विभागात जे दिवस गेले त्यांचे वर्णन करण्याची ही जागा नव्हे. इतकेच सांगते, की रात्रपाळी संपवून, घामाने भिजलेला संरक्षक पोशाख उतरवून बाहेर आल्यावर, जे आम्ही पाहिले होते ते कोणाशीही बोलण्याचे त्राण उरलेले नसे. मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन सावकाश नमस्कार घालत असे. थकलेल्या शरीराला आणखी का थकवतेस, असे सहकारी मैत्रिणी विचारत. पण तो थकवा उभे राहून व जागून आलेला होता आणि हालचालीने तो उतरत असे. व्यायामात शक्ती खर्च होते हे खरे, तरी स्नायूंना नियमित काम मिळाले की पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात, झोप गाढ लागते आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाला पुरून उरेल इतकी शक्ती शरीर स्वतःच घडवते. मात्र त्याला मर्यादा हवी. आयुर्वेदाने आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा असे सांगितले आहे आणि व्यायामाची फळे मोजताना चरकाने अंगाचा हलकेपणा, कामाची क्षमता व स्थैर्य यांच्या जोडीला दुःख सहन करण्याचे बळही मोजले आहे. त्या गच्चीवर मला नेमके तेच बळ हवे होते आणि ते मिळाले.

आता ज्याला आध्यात्मिक स्वास्थ्य म्हणतात त्याविषयी. माझा अधिकार लहान आहे, म्हणून जे जवळून पाहिले तेच लिहिते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, वारले त्यानंतर आई बोलेनाशी झाली. भजनाला बसेना, देवापुढे दिवा लावी तोही न बघता. पुढच्या आषाढात शेजारच्या काकू तिला वारीला घेऊन गेल्या. लोणंदला माउलींच्या पालखीत ती मिसळली, चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण तिने पाहिले आणि टाळांच्या ठेक्यावर पावले टाकीत ती पंढरपूरपर्यंत चालत गेली. फलटणच्या मुक्कामी मी तिला भेटले, तेव्हा तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, चेहरा उन्हाने रापला होता आणि ती मला म्हणाली, “अगं, काल रडले गं पोटभर, चालता चालता.” इतक्या महिन्यांत ती रडली नव्हती. घरी बसून जे नामस्मरण तिला पेलत नव्हते, ते पावलांच्या लयीत तिच्या तोंडी परत आले. तालमीत उतरण्यापूर्वी पैलवान मारुतीला हात जोडतो आणि लाल माती कपाळाला लावतो, नमस्कार घालणारा उगवत्या सूर्याचे नाव घेतो. या सर्वांत श्रम स्वतःपेक्षा मोठ्या कशाला तरी अर्पण केलेले असतात. आरशासमोर स्वतःचे दंड न्याहाळत केलेल्या व्यायामानेही शरीर सुधारते, परंतु ही तृप्ती मला त्यात आढळली नाही.

या निमित्ताने शाळेकडे एक मागणी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दहावी आली की व्यायामाचा तास इतर विषयांकडे जातो आणि मुली तर त्याआधीच मैदानावरून दिसेनाशा होतात. ज्या वर्षी मनावर सर्वांत अधिक ताण असतो, त्याच वर्षी त्याचा उतारा काढून घेतला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. नवा सुती दोर आणि खाली अंथरायच्या गाद्या यांचा खर्च मी आनंदाने देईन, आणि दोर शिकवू शकतील अशा आमच्या वेळच्या दोन मैत्रिणी गावातच राहतात. त्यांनी होकार दिला आहे. शाळेने फक्त दहावीच्या मुलींसाठी आठवड्यातून दोन तास राखून ठेवावेत, आणि जमल्यास ते सकाळी, गणिताच्या तासाआधी ठेवावेत.