बेळगावात बिऱ्हाड हलवण्याआधी : तीन दिवसांची फेरी

पुण्याहून बेळगावात राहायला येणाऱ्या एका कुटुंबासाठी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ही फेरी झाली. एक मूल तिसरीत, दुसरं सातवीत. घर बघायला लोक डिसेंबर-जानेवारीत येतात, तेव्हा हवा छान असते आणि कुठलंही घर छान दिसतं. बेळगावचं घर जुलैत बघावं. पश्चिमेच्या भिंतीला ओल आली आहे का, गच्चीवरून पाणी कुठे झिरपतं, रस्त्यावरचं पाणी पार्किंगमध्ये शिरतं का, हे तेव्हाच कळतं. वार गुरुवार ते शनिवार ठेवले. शनिवारी शाळा सकाळच्या असतात, त्यामुळे शाळा भरताना आणि सुटतानाची गर्दी एकाच सकाळी बघून होते.

फेरीआधी एक हिशोब कागदावर मांडला आणि त्यातच अर्धा निर्णय झाला. कर्नाटकात सरकारी कोट्यातून इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशाला बसायचं तर नेहमीचा नियम असा, की पहिली ते बारावीमधली किमान सात वर्षं राज्यात शिकलेली हवीत. सहावीपासून बारावीपर्यंत बरोबर सात होतात. सातवीत आलेल्या मुलाची सहाच होतात. पालकांच्या शिक्षणाची आणि नोकरीची वेगळी कलमं आहेत, ती ज्याला लागू पडतील त्याला पडतील, खरं हा एक वर्षाचा फरक घर घेतल्यावर कळून उपयोग नाही. (हे ‘खरं’ म्हणजे इथलं ‘पण’. पुण्याच्या मुलाला पहिले चार दिवस वाटतं, की सगळे आपल्याला शपथेवर सांगताहेत.)

दुसरी बाजूही बघून ठेवावी. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात उमेदवारांचे ए ते ई असे प्रकार असतात. त्यातला ई हा विवादित सीमाभागात दहावी-बारावी केलेल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी आहे. त्याला गाव सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा असे दोन दाखले लागतात. ते ऐन जूनमध्ये मागायला गेलात तर धावपळ होते. दहावीचा निकाल हातात आला, की लगेच मागे लागावं.

गुरुवारची सुरुवात टिळकवाडीतून. बाहेरून येणाऱ्या मराठी कुटुंबाला बहुतेक जण हाच भाग सुचवतात आणि ते चूक नाही. आरपीडी कॉर्नर, हिंदवाडी, भाग्यनगर हा पट्टा पायी फिरता येतो, सकाळी चालायला व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे आणि मराठी माध्यमाच्या मुलींसाठी बालिका आदर्श इथेच आहे. अडचण रेल्वेच्या रुळांची. काँग्रेस रोड रुळांच्या एका अंगाला, टिळकवाडी-हिंदवाडीची वस्ती दुसऱ्या अंगाला. मुलाची शाळा कॅम्पात असेल (१८५६ पासूनची सेंट पॉल्स तिथेच आहे), तर रोज दोनदा रूळ ओलांडणं आलं. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झाला आहे, पण सगळ्यांनाच तो वाटेवर पडत नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या गेटाने जाणाऱ्याने शाळेच्या वेळेला स्वतः गाडी घेऊन जाऊन बघावं. गेट पडलं, की दुचाक्या समोरासमोर दोन्ही बाजूंनी पुढे सरकतात आणि गेट उघडलं तरी कुणालाच हलता येत नाही. एजंट ‘दहा मिनिटं’ म्हणतो ती गेट उघडं असतानाची.

संध्याकाळी सातला हिंदवाडीतल्या एका किराणा दुकानासमोर उभं राहिलो. वस्ती मिसळलेली आहे की नाही हे बघायला जनगणनेपेक्षा ही जागा बरी. दुकानदार एका आजींना ‘साखर संपली, उद्या ये की’ म्हणाला, पुढच्या गिऱ्हाइकाला ‘एष्टु बेकरी?’ (किती हवंय?) विचारलं आणि तिसऱ्याशी हिंदीत पैशांचं बोलला. कुणी कुणाकडे वळून बघितलं नाही. नवख्या माणसाने शिकायचा पहिला शब्द ‘हौद्री’, म्हणजे ‘होय हो’. शब्दामागचा ‘री’ हा आदराचा आहे. तो लावलात, की मोडकं कन्नडही चालून जातं. तो विसरलात तर चांगलं कन्नडही उद्धट वाटतं.

शुक्रवारी सकाळी शहापूर-वडगाव. भाडं तुलनेने हलकं, बाजार जवळ, शेजार घट्ट. वडगाव-खासबागेत विणकरांची मोठी वस्ती आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही घरोघरी चालतात. घर पसंत पडलं तर भिंतीला कान लावा. शेजारच्या घरात यंत्रमाग असला तर त्याची खटखट दिवसभर असते. दुपारी वीज गेलेली असताना घर दाखवलं तर ती ऐकूच येत नाही. दहावी-बारावीचं मूल असेल तर हा मुद्दा भाड्यापेक्षा मोठा. आषाढात मंगाई देवीची यात्रा असते, त्या दिवसांत वडगावच्या गल्ल्यांत चारचाकी आत नेण्याचा हट्ट धरू नये.

वडगाव, अनगोळ, येळ्ळूर रस्त्याच्या कडेला स्वस्त प्लॉट निघतात. तिथली जमीन काळी आहे आणि बळ्ळारी नाला भरला, की शिवारात पाणी पसरतं. या फेरीत एका नव्या वसाहतीतला रस्ता घोटाभर पाण्यात होता आणि पाटीवर वसाहतीच्या नावापुढे ‘हिल व्ह्यू’ लिहिलेलं होतं. काळ्या मातीवर पाया खोल घ्यावा लागतो, नाहीतर माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि भिंतीला तिरक्या चिरा पडतात. स्टॅम्प पेपरवर विकलेला गुंठा-दीड गुंठ्याचा प्लॉट तर घेऊच नये. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. तो बिगरशेती झालेला नसेल, लेआउट मंजूर नसेल, तर बँक कर्ज देताना अडवते. बुडाचा (बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाचा) मंजूर लेआउट, महापालिकेचं ई-खातं (मिळकतीचा ऑनलाइन उतारा) आणि सब-रजिस्ट्रारकडचा बोजा नसल्याचा उतारा हे तिन्ही हातात आल्याशिवाय इसार देऊ नये. ‘बी-खातं (मंजुरी नसलेल्या मिळकतीची नोंद) आहे, नंतर ए होतंय की’ असं कुणी म्हटलं तर ‘झाल्यावर या’ म्हणून उठावं.

दुपारनंतर उत्तरेकडे: सदाशिवनगर, नेहरूनगर, महांतेशनगर, रामतीर्थनगर. रस्ते रुंद, केएलईचं हॉस्पिटल नेहरूनगरात, महामार्ग जवळ. इथे कानावर कन्नड जास्त पडतं. मराठी कुटुंबं याच कारणाने हा भाग गाळतात आणि आमच्या मते तिथेच चुकतात. तिसरीतलं मूल इथे राहिलं तर वर्षभरात खेळता खेळता कन्नड बोलायला लागेल. टिळकवाडीत तेच मूल शिकवणीला जाऊन दोन वर्षांत बोलेल.

कारण कन्नड टळणारं नाही. २०१५ च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, सीबीएसईसकट, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. २०१७-१८ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झालं. माध्यम मात्र मराठी घेता येतं. राज्य मंडळात मराठी ही प्रथम भाषा म्हणून आहे आणि उरलेल्या दोन जागी कन्नड आणि इंग्रजी येतात. सुटते ती हिंदी. लिपीची भीती मुलांपेक्षा पालकांना जास्त. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे. अडखळायच्या जागा दोन. एक, ए आणि ओ यांची ऱ्हस्व-दीर्घ अशी दोन-दोन रूपं. दोन, ओत्ताक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकवायचं. मराठी मूल अर्धं अक्षर आधी लिहायला जातं आणि उलटं लिहून बसतं. एप्रिल-मे या दोन महिन्यांत रोज अर्धा तास दिला, तर वर्णमाला, कागुणित (आपली बाराखडी) आणि साधी ओत्ताक्षरं होतात. तेवढ्यावर तिसरीच्या मुलाचं निभावतं. सातवीच्या मुलाला मात्र पहिल्या सहामाहीत कन्नडला कमी गुण पडणार, हे घरात आधीच बोलून ठेवावं.

शनिवारी कॅम्प, हिंडलगा, विजयनगर, गणेशपूर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे असल्यामुळे निवृत्त फौजींची घरं पुष्कळ. वेगवेगळ्या राज्यांत राहून आलेल्या लोकांना नव्या शेजाऱ्याचं अप्रूप नसतं आणि त्रासही नसतो. कॅम्पात मराठी, गोव्याकडची कोकणी, उर्दू, तमिळ सगळं ऐकायला मिळतं, पण छावणीच्या हद्दीत विकत घेणं किचकट, तिथे भाड्याचंच बघावं. हिंडलगा-विजयनगरची माती लाल, पाणी पटकन मुरतं. मात्र शहराचा हा पश्चिमेकडचा भाग पावसाला जास्त सापडतो. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळवायला झाकलेली बाल्कनी नसेल, तर घर कितीही मोठं असो, बैठकीच्या खोलीत दोरी बांधावी लागते.

आम्ही तिसरीच्या मुलासाठी नेहरूनगर आणि सातवीच्या मुलीसाठी टिळकवाडी म्हटलं असतं. घर एकच घ्यायचं होतं, म्हणून विजयनगर. तिथून कॅम्पातल्या शाळांना रूळ ओलांडावे लागत नाहीत.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण बाहेरच्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी येतं. ५८ प्रभागांपैकी १० प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. बाकीच्या शहरात पाणी काही दिवसांआड येत आलं आहे. ‘चोवीस तास पाणी’ असं मालक म्हणाला तर नळाचं की टाकीचं, हे विचारा. हिशोब सोपा आहे. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांना रोज ५४० लिटर लागतात. पाच दिवसांआड पाणी असेल तर २,७०० लिटर साठा हवा. १२ फ्लॅटच्या इमारतीत २०,००० लिटरचा संप (जमिनीखालची टाकी) असेल तर वाट्याला १,६६६ लिटर येतात, म्हणजे तीन दिवस. उरलेले दोन दिवस बोअर किंवा टँकर. संपाचं झाकण उघडून बघायला लाजू नये.

शाळेत चौकशीला गेल्यावर फीच्या आधी दोन गोष्टी विचारा. मान्यता कुठल्या इयत्तेपर्यंत आणि कुठल्या मंडळाची? पाटीवर सीबीएसई आणि मान्यता राज्य मंडळाची, असं असू शकतं. संलग्नता क्रमांक घेऊन मंडळाच्या संकेतस्थळावर ताडून बघा. दुसरं, मधल्या वर्षी आलेल्या मुलाला कन्नड कोण आणि कधी शिकवतं? ‘शिकेल हळूहळू’ हे उत्तर नाही. मराठी माध्यम हवं असेल तर लक्षात ठेवा, की सरकारी मराठी शाळा बहुतेक सातवीपर्यंत असतात. आठवीला हायस्कूल, दहावीनंतर पीयूसी (अकरावी-बारावी). सातवीत आलेल्या मुलाचे म्हणून दोन वर्षांत दोन प्रवेश होतात. मराठी विद्यानिकेतनसारख्या शाळांत जागा आहे का, ते मार्चमध्येच विचारावं. पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत, असा नियम आहे.

कागदांत हमखास अडतो तो दाखला. महाराष्ट्रातला शाळा सोडल्याचा दाखला राज्याबाहेर जाताना शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीने घ्या. ती नसली, की इथलं बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिस परत पाठवतं आणि त्या एका सहीसाठी पुण्याला जाऊन यावं लागतं, येऊन-जाऊन जवळपास ७०० किलोमीटर. अर्जावर शहराचं नाव ‘बेळगावी’ लिहा, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे. जिल्हा महसुलाला एक असला तरी शिक्षण खात्यासाठी बेळगावी आणि चिक्कोडी असे दोन आहेत. निपाणीत राहणार असाल तर तुमचं ऑफिस चिक्कोडीचं.

शाळा इथे महाराष्ट्राच्या दोन आठवडे आधी, मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात. मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, दिवाळीला मोजके दिवस. दिवाळीत पुण्याला पंधरा दिवस जायची तिकिटं काढून ठेवलीत तर रद्द करावी लागतील. सामानाचा ट्रक १ नोव्हेंबरच्या (कर्नाटकाचा राज्योत्सव, इथल्या मराठी संघटनांचा काळा दिवस) आगेमागे आणि डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना ठरवू नका. सीमेवर वातावरण तापलं, की आधी एसटी आणि इकडच्या बसगाड्या थांबतात, मग सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला रांग लागते.

आधारवरचा पत्ता पहिल्या महिन्यात बदला. बायका-मुलींना साध्या सरकारी बसचा मोफत प्रवास राज्यातला पत्ता दाखवूनच मिळतो. एमएच पासिंगची गाडी बारा महिन्यांपर्यंत चालते. त्यानंतर केए २२ करायला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, ती बिऱ्हाड हलवायच्या आधीच अर्ज करून ठेवावी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र त्याच्याही आधी.