पावसाळ्यात मधपेटीचं तळपाट बघत जा

आमच्या बेळगावकडच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात सातेरीच्या (आपली देशी पाळीव मधमाशी) पेट्या ठेवणाऱ्यांना जून ते सप्टेंबर लय अवघड जातात, पाऊस थांबत नाही, फुलोरा नाही, माश्या कमी होतात आणि नेमका तेव्हाच मेणकिडा, म्हणजे पोळ्याचं मेण पोखरणारी पतंगाची अळी, घुसतो. हा पतंग फटीत अंडी घालतो, अळी जुन्या काळ्या पोळ्यातून बोगदे काढत जाते, मागं पांढरी जाळी आणि बारीक काळी लेंडी सोडते. तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, मेणाचा भुगा न लेंडी दिसली की लगेच पोळी उचलून उजेडात धरा, उद्यावर ढकलू नका, सातेरी जास्त सोसत नाही, सरळ पेटी सोडून जाते. माश्यांनी न झाकलेली जुनी पोळी काढाच.

मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, बास.

आता स्मॉल हाईव्ह बीटल, म्हणजे मधपेटीत घुसणारा बारका भुंगेरा. मूळचा आफ्रिकेतला, १९९८ मध्ये फ्लोरिडात सापडला, आपल्या देशात २०२२ला पश्चिम बंगालमधून नोंद झाली, म्हणून बाहेरून वसाहत (राणीसकट माश्यांचा कळप) आणताना नीट बघून घ्या ओ. ५-७ मिमीचा काळपट भुंगेरा, झाकण उघडलं की उजेडाला भिऊन फटीत पळतो. सापळा ह्याच सवयीवर चालतो, दोन फ्रेमींच्या (पोळं धरणाऱ्या चौकटींच्या) मधे वर खाचा असलेली चपटी डबी, आत अर्ध्यापर्यंत खायचं तेल, माश्या मागं लागल्या की भुंगेरा खाचेतून आत पडून बुडतो. खाच मात्र माशी शिरणार नाही इतकी बारीक पाहिजे, आपली सातेरी अंगानं लहान, तिला जास्त जपायला लागतं.