ही स्टेप कुणाची?

रविवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले, तर सई आणि तिच्या तिघी मैत्रिणी पाण्याच्या टाकीसमोर नाचत होत्या. मोबाइल टाकीला टेकवलेला, घसरू नये म्हणून खाली चप्पल लावलेली. गाण्याचा तोच १५ सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा. समोरचीचा उजवा की आपला, या घोळात दर वेळी एकजण उलटी वळायची आणि शेजारणीवर आदळायची. मी कपडे तसेच हातात धरून बघत राहिले.

नकलेला मी नावं ठेवत नाही. मंगळागौरीची फुगडी मीही मावशीचं बघूनच शिकले. पण मावशी समोर होती, तिने माझी मनगटं धरून हातांची अढी घालून दाखवली होती.

"ही स्टेप कुणी बसवली गं?"

"आत्या, ट्रेंडिंग आहे. सगळेच करतात."

हे 'सगळेच' मनाला लागलं. २०१२ मध्ये 'गंगनम स्टाइल'ने यूट्यूबवर पहिल्यांदा १०० कोटी व्ह्यूजचा आकडा गाठला, तेव्हा तो घोड्यावर बसल्यासारखा नाच साय (Psy) या कोरियन गायकाचा हे जगाला ठाऊक होतं. 'रेनेगेड' या नाचाचं तसं झालं नाही. अमेरिकेत अटलांटाजवळ राहणाऱ्या जलाया हार्मन या १४ वर्षांच्या मुलीने तो २०१९ मध्ये बसवला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. तिथून तो टिकटॉकवर गेला, मोठमोठ्या टिकटॉकर मुलींनी केला, घराघरांत पोचला, आणि तिचं नाव मात्र कुठेच नाही. आपलाच नाच दुसऱ्यांच्या नावावर गाजताना बघायचा, तोही त्या वयात! फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिची बातमी छापली, तेव्हा कुठे लोकांना कळलं. काही दिवसांतच शिकागोला एनबीए या बास्केटबॉल लीगच्या ऑल-स्टार सामन्यात ती स्वतः तो नाचली.

मुलींना हे सगळं सांगितलं. त्या चौघी मोबाइलवर वाकल्या, व्हिडिओमागून व्हिडिओ मागे जात राहिल्या. त्यांच्या स्टेपची मूळ मुलगी काही सापडली नाही. अंधार पडला, डास चावायला लागले, तरी कुणी उठेना.

मग सई म्हणाली, "शेवटची गिरकी तर व्हिडिओत नाहीच, ती तनूने घातलीय."

तनू लाजून टाकीमागे सरकली. आत्ता झोपण्याआधी सईने रील दाखवलं. खाली लिहिलंय : शेवटची गिरकी तनूची.