तिसऱ्या बाकापर्यंत

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं. "स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा" हे वाचून आधी वाटलं, स्नेहसंमेलनावर लिहावं, मांडूच्या सहलीवर लिहावं. लिहायला बसले आणि पेन बाईंपाशीच अडलं. कुठल्या बाई, हे आपल्या शाळेच्या मुलींना सांगायला नको. गणिताच्या. माहेर वसईचं, गळ्यात काळ्या दोऱ्यात बारीकसा क्रूस.

१९८७चा मार्च. मी आठवीत होते. इंदूरची रंगपंचमीची गेर, रंग उधळत निघणारी ती मिरवणूक, होऊन गेली होती, तरी मुलींच्या कानांमागे रंग उरलाच होता. वार्षिक परीक्षेआधीची शेवटची चाचणी, वार शनिवार. बाई गणितं फळ्यावर लिहून देत. मी मागून दुसऱ्या बाकावर. मान वाकडी करून शेजारणीच्या पेपरातून उतरवून घेत होते, तेवढ्यात वरून हात आला आणि पेपर गेला. बाईंनी त्यावर लाल शाईची रेघ मारली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. हे कुठे शिकलीस, घरी?"

मी गप्प राहिले. सांगण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. फळा सगळ्यांनाच तसा पांढुरका, विरघळल्यासारखा दिसतो आणि हुशार मुली अंदाजाने वाचतात, अशी माझी समजूत. रात्री जेवले नाही, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी बाई चर्चला गेल्या. त्यांचा उपवासकाळ चालू होता. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे ते दिवस, मधले रविवार सोडून चाळीस. त्यातला तो चौथा रविवार. चर्चमधली बायबलची रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात, आणि त्या वर्षी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आला होता, जन्मांध माणसाचा. त्याला वाटेत पाहून शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? बाईंनी मला नंतर सांगितलं, "ते ऐकलं आणि माझेच शब्द माझ्या कानावर आले गं. कुठे शिकलीस, घरी?"

घरी येऊन त्यांनी माझा पेपर काढला आणि त्या रेघेखालचं सगळं वाचलं. फळ्यावरून घेतलेल्या तीन गणितांत मी ३चे ८ केले होते, १चे ७, पण रीत शेवटपर्यंत बरोबर. शेजारणीकडून घेतलेल्या दोन गणितांत आकडे अचूक होते, मात्र उत्तरं माझी मी काढलेली. एक तर तिच्यापेक्षा वेगळं, आणि बरोबर माझं.

सोमवारी पाडव्याची सुट्टी होती. मंगळवारी बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली, माझ्या बाकाशी आल्या आणि हात धरून मला पुढे नेऊ लागल्या. प्रत्येक बाकाशी थांबून विचारायच्या, "आता?" तिसऱ्या बाकाशी मी पहिला आकडा वाचला. वर्ग चिडीचूप. मग बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी आहे. मला सगळं दिसतंय असं धरून चालले आणि हिच्याकडे पाहिलंच नाही. मला माफ कर बाळ." चौदा वर्षांच्या मुलीची माफी मागणारी शिक्षिका आमच्यापैकी कोणीच तोवर पाहिली नव्हती. मी आजवरही दुसरी पाहिलेली नाही.

त्याच आठवड्यात त्या रामबागेत आमच्या घरी आल्या. आईला चष्म्याचीच धास्ती, मुलीचं पुढे कसं व्हायचं म्हणून. बाईंनी चहा घेतला नाही. उपवासकाळात त्या चहा सोडत आणि वाचलेले पैसे एका डब्यात टाकत. तो डबा त्यांनी पुढे केला, बाबांनी हात जोडून परत दिला. "मग दुसऱ्या कुणासाठी ठेवते," म्हणाल्या. चष्मा आणून परतताना मी राजवाड्यासमोर थांबले. तो सात मजली आहे हे पाठ होतं. त्या दिवशी मोजले.

पुढची दोन वर्षं मधल्या सुट्टीत मी त्यांना त्या जन्मांधाबद्दल विचारत राहिले. येशू मातीत थुंकून चिखल करतो, डोळ्यांना लावतो, शिलोहच्या तळ्यात धुऊन ये म्हणतो. दृष्टी येते, पण तो दिवस शब्बाथाचा, यहुद्यांच्या सक्तीच्या विश्रांतीचा, म्हणून परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारे लोक, चौकशी लावतात. बाई बोट उभं करून दाखवायच्या: "ऐक हं. परूशी सारखे म्हणतात, आम्हांला ठाऊक आहे. आणि ज्याला दिसू लागलं, तो म्हणतो, मला ठाऊक नाही." तो आधी म्हणतो, येशू नावाच्या माणसाने मला बरं केलं. मग म्हणतो, तो संदेष्टा आहे. त्याला हाकलून देतात तेव्हा येशू त्याला शोधत येतो, आणि तो 'प्रभू' म्हणून पायांशी वाकतो. एका अध्यायात त्याची नजर उजळत जाते आणि डोळसांची मंदावते. येशूच्या शेवटच्या वाक्याशी बाईंचा आवाज दर वेळी खाली यायचा: तुम्ही आंधळे असता तर तुम्हांला पाप नसतं, पण तुम्ही म्हणता, आम्हांला दिसतं. आमच्या घरी रामरक्षा म्हणत, आणि बाईंनी मला तिच्यापासून कधी तसूभर हलवलं नाही.

आज मी बँकेत कर्जविभागाची प्रमुख आहे. कुठलाही अर्ज नाकारण्याआधी रेघेखालचं पुन्हा वाचते. माझ्या हाताखालची मुलं याला वेळखाऊपणा म्हणतात, म्हणोत. पत्रिकेवरचं नव्या इमारतीचं चित्र सुंदर आहे. जुना व्हरांडा, जिथे बाई डबा खायच्या, तो मात्र राखायला हवा होता. मला फार वाईट वाटलं.

निवृत्तीनंतर बाई वसईला परतल्या आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. २२ मार्च २०२०, जनता कर्फ्यूचा रविवार. उपवासकाळाचा तो चौथाच रविवार होता, आणि फेऱ्याने तोच अध्याय आलेला. चर्च बंद. दुपारी फोन केला तर म्हणाल्या, "आज वाचून दाखवायला कुणी नाही. तू वाचशील?" मी मराठी बायबल उघडून फोनवर वाचू लागले. एकेचाळीस वचनं, बाई मध्येच एखादं पुन्हा वाचायला सांगायच्या. त्याला हाकलून देतात तिथवर आले आणि पाच वाजले. आमच्या गल्लीत थाळ्या वाजू लागल्या, फोनमधून वसईच्याही ऐकू येत होत्या. मी थांबले.

"थांबू नकोस," बाई म्हणाल्या, "आता तो त्याला शोधत येतो. मोठ्याने वाच."