तुम्ही विचारलंत म्हणून : खेळून झाल्यावर इंडियाचा फुटबॉल कोच कसं व्हायचं?

"पोरगा बरा खेळतोय की. उद्या खेळून झाल्यावर खालिद जमीलसारखा इंडियाचा कोच व्हायचं म्हटलं तर काय काय करायला लागतंय?" बेळगावात लेले मैदानाच्या कडेला, खानापुरात शाळांच्या स्पर्धेत, नाहीतर कोल्हापूरची मॅच बघून निपाणीला परतणाऱ्या गाडीत हा प्रश्न ठरलेला असतो. ऑगस्ट 2025 मध्ये जमील यांची भारताच्या फुटबॉल संघाचे मुख्य कोच म्हणून नेमणूक झाली तेव्हापासून जरा जास्तच. सॅव्हिओ मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आलं. मधली सगळी वर्षं परदेशी कोच : कोव्हरमान्स, कॉन्स्टंटाईन, स्टिमाच, मानोलो मार्केझ. त्यामुळे आपल्याकडच्या बापांना हे शक्य वाटायला लागलंय, हे चांगलंच आहे.

होता येतं. फक्त "खेळून झाल्यावर" एवढं सोडून द्या. शिकवायला खेळता खेळताच लागायचं, आणि हातात पंधरा वर्षं आहेत असं धरून चालायचं.

जमील यांचाच हिशोब मांडून बघा. जन्म 1977 चा, कुवेतमधला. खेळले महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून. मिडफिल्डर होते, भारताकडूनही खेळले, पण दुखापतींनी बरीच वर्षं खाल्ली. 2009 मध्ये थांबले आणि लगेच त्याच मुंबई एफसीचे कोच झाले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. तिथे सात वर्षं. या सात वर्षांत चषक नाही. पैसे कमी, बडे खेळाडू परवडायचे नाहीत, आणि दर मोसमाचं काम एकच : खालच्या श्रेणीत घसरायचं नाही. म्हणजे बचाव घट्ट ठेवायचा, कॉर्नर आणि थ्रोमधून गोल काढायचा, बाहेर जाऊन एक गुण घेऊन यायचा. टीव्हीवरच्या मंडळींना असलं फुटबॉल कंटाळवाणं वाटतं. माझ्या मते कोच घडतो तो इथेच, कारण चुकीला भरपाई करणारा महागडा स्ट्रायकर संघात नसतो.

2016 मध्ये ते मिझोरामच्या आयझॉल क्लबकडे गेले. आधीच्या मोसमात हा क्लब खालच्या श्रेणीत गेला होता, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला परत वर घेतलं होतं. जमील यांनी मुंबई एफसीतले आशुतोष मेहता आणि जयेश राणे यांना सोबत नेलं, आणि 2016-17 ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची लीग, आयझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून जिंकली. ईशान्येकडचा तो पहिला विजेता क्लब. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिली. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की कोचचा वाटा कळतो.

पुढचा रस्ता काही सरळ नाही. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, दोन्हीकडे फार टिकता आलं नाही. मग नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहाय्यक, आणि 2020-21 च्या मध्यात मुख्य कोच गेल्यावर हंगामी जबाबदारी. तिथून संघ प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत नेला. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) हे करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर एफसी बेंगळूर युनायटेड, म्हणजे खालची लीग! आयएसएलमधून खालच्या लीगला यायचं हे किती जणांना पचेल? मग जमशेदपूर, 2025 च्या सुपर कपची फायनल, लागोपाठ दोन वर्षं महासंघाचा सर्वोत्तम कोच, आणि 1 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रीय संघ. वय 48. पहिल्या क्लबपासून मोजलं तर सोळा वर्षं.

आता परवान्यांचं बघू, कारण घोळ इथेच होतो. पायऱ्या पाच : एआयएफएफचा (आपल्या महासंघाचा) डी, मग एएफसीचे (आशियाई महासंघाचे) सी, बी, ए आणि प्रो. डी सहा दिवसांचा, त्यात लहान मुलांना शिकवणं. सीपासून पुढे दिवस वाढत जातात आणि कोर्स तुकड्यातुकड्यांत होतो. वर्ग, मग घरी जाऊन आपल्या संघावर काम, मग परीक्षा. प्रत्येक पायरीनंतर निदान एक मोसम प्रत्यक्ष कोचिंग केलेलं दाखवावं लागतं, त्यामुळे ओळीने पाचही उरकून टाकता येत नाहीत. प्रोच्या जागा मोजक्या, तो कोर्स दरवर्षी निघेलच असं नाही. आयएसएलचा मुख्य कोच किंवा देशाचा कोच व्हायचं तर प्रो लागतोच. परवान्याला मुदतही असते. उजळणीचे तास भरले नाहीत तर कपाटातल्या कागदाला किंमत राहत नाही.

लोक नापास कुठे होतात? खेळ येत नाही म्हणून नव्हे. परीक्षेत एक विषय मिळतो, समजा "गोलकीपरपासून पासिंग करत खेळ पुढे नेणे", आणि वीस-पंचवीस मिनिटं. खेळाडू म्हणून समोर बरोबरचेच कोच उभे. चांगले चांगले माजी खेळाडू यात फसतात, कारण ते बॉलच बघत राहतात. चूक बॉलपाशी दिसते, पण झालेली असते दुसरीकडे. सेंटर-बॅकचा (मधल्या बचावपटूचा) पास अडला, तर बहुतेक वेळा डावा बॅक आत चिकटून उभा असतो आणि पासला रस्ताच नसतो. खेळ थांबवायचा, डाव्या बॅकला हाताने धरून रेषेजवळ न्यायचं, तोच पास पुन्हा खेळवायचा आणि बाजूला व्हायचं. सगळं मिळून अर्धं मिनिट. फसणारा माणूस इथे तीन मिनिटं भाषण देतो, परीक्षक घड्याळ बघतो. दुसरी अडचण वहीची. सत्राचा आराखडा लिहून द्यावा लागतो : मैदानाची मापं, खेळाडू किती, वेळ, शिकवायचे मुद्दे. आणि बहुतेक कोर्स इंग्रजीत. बेळगाव-खानापूरच्या पोरांना कानडी समजतं, मराठी घरचीच, पण इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की पेन अडतं. हा सराव दहावीतच सुरू करा, त्याला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडच्या मैदानावर नेहमी दिसणारी एक गोष्ट सांगतो. वीस पोरं, एक बॉल, गोलपुढे एक लांब रांग. एका शॉटला पंधरा सेकंद धरा, म्हणजे प्रत्येकाची पाळी पाच मिनिटांनी. अर्ध्या तासात एका पोराच्या वाट्याला सहा शॉट, बाकी वेळ उभं राहून गप्पा. त्याच वीस जणांचे पाचाचे चार संघ करा, साधारण तीस बाय वीस मीटरचे दोन चौकोन आखा आणि चार छोटे गोल मांडा. दोन्हीकडे पाच विरुद्ध पाच. चार मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, की संघ बदला. पोरगं मिनिटाला दोन-तीनदा तरी बॉलला लागतं आणि दर वेळी समोर कुणीतरी अडवायला असतं. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचा बॉल द्या. पाच नंबरचा सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास असतो, पावसात भिजला की त्याहून जड. लहान पोरं मग पायाच्या टोकाने हाणायला लागतात आणि ती सवय पुढे सुटत नाही.

पावसाचं आपल्याकडे वेगळंच प्रकरण. जूनपासून चार महिने तांबडी माती नुसती चिखल. जमिनीवरचा पास पाच मीटरवर थांबतो, म्हणून पोरं लांब उडवायला शिकतात. शाळांच्या स्पर्धा बऱ्याचदा याच दिवसांत, तेव्हा उडवणारा संघ जिंकतो आणि कोचला वाटतं आपलं बरोबर आहे. मग हीच पोरं गोव्यात सपाट गवतावर गेली की त्यांच्या पायाला बॉल लागत नाही. उपाय सोपा आहे : पावसाळ्यात शाळेचं बास्केटबॉलचं काँक्रीट मैदान मागून घ्यायचं आणि कमी उसळणाऱ्या फुटसाल बॉलवर चार-चार जणांचा खेळ घ्यायचा. काँक्रीट ओलं असेल तर मात्र नको, गुडघे फुटतात.

देशाच्या कोचचं काम याच्या अगदी उलटं, आणि नवख्यांना हे पटत नाही. क्लबच्या कोचला रोज खेळाडू मिळतात. देशाच्या कोचला मिळते फिफा विंडो, म्हणजे क्लबने देशासाठी खेळाडू सोडायचे दिवस : साधारण नऊ-दहा दिवस आणि दोन मॅच. खेळाडू क्लबची मॅच खेळून येतो, त्याचा पहिला दिवस थकवा काढण्यात जातो. मॅचच्या आदल्या दिवशी हलकाच सराव. मध्ये उरतात दोन, फार तर तीन सत्रं. यात नवीन पद्धत शिकवणं जमत नाही. निवड बरोबर करायची, बचावाची रचना ठरवायची आणि कॉर्नर-थ्रो पक्के करायचे, एवढंच हातात.

जमील यांची पहिली स्पर्धा बघा. आयएसएलचं भवितव्य टांगणीला, काही खेळाडू ड्युरँड कपात, बेंगळुरातलं शिबिर अर्धवट भरलेलं. त्यात मध्य आशियाचा सीएएफए नेशन्स कप 29 ऑगस्टला सुरू आणि विंडो 1 सप्टेंबरपासून. विंडोबाहेर खेळाडू सोडायची क्लबवर सक्ती नसते, म्हणून मोहन बागानने आपले खेळाडू दिले नाहीत. तरी ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं. पहिला गोल उवैसच्या लांब थ्रोवर अन्वर अलीचा, दुसरा संदेश झिंगनचा, राहुल भेकेचं हेडर गोलकीपरने अडवल्यावर. दोन्ही बचावपटूंचे, आणि दोन्ही वेळा गोलपुढच्या पेटीत गर्दी करून. उवैस जमशेदपूरला त्यांच्याच हाताखाली खेळलेला, त्याचा थ्रो कुठवर जातो हे जमील यांना आधीच ठाऊक. आशुतोष आणि जयेशला आयझॉलला नेलं तोच हा हिशोब : शिकवायला वेळ नसेल तिथे ज्याला आपली भाषा आधीच कळते तो माणूस घ्यायचा. इराणकडून 0-3 हरलो, अफगाणिस्तानशी 0-0, आणि तिसऱ्या जागेसाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं. गोलकीपर गुरप्रीतने शेवटची अडवली.

पण ही पद्धत जिथे तोकडी पडते तेही लगेच दिसलं. 9 ऑक्टोबर 2025, आशियाई कपची पात्रता फेरी, सिंगापूरमध्ये 1-1. झिंगनला लाल कार्ड, आणि रहीम अलीने अगदी शेवटी बरोबरी साधली. पाच दिवसांनी 14 ला मडगावात परतीची मॅच. त्यातला एक दिवस प्रवास, एक थकवा काढायला, एक मॅचआधीचा. छांगतेने चौदाव्या मिनिटालाच पुढे नेलं. नंतर मध्यातून सिंगापूरला मोकळी जागा मिळत गेली, साँग उई-यंगने दोन गोल मारले आणि 2027 च्या आशियाई कपची वाट बंद झाली. अनमोड घाट उतरून मॅचला गेलेल्यांनी परतताना कोचला काय काय म्हटलं असेल ते इथे लिहिण्यासारखं नसावं. खरी अडचण अशी की पुढे असताना बॉल आपल्याकडे राखून ठेवणं दोन सत्रांत शिकवता येत नाही. ते क्लबमध्ये, आणि त्याआधी बाराव्या-तेराव्या वर्षी शिकलेलं असावं लागतं.

खेळाडू मोठाच असला पाहिजे का, असंही विचारतात. नाही. 1951 आणि 1962 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतल्या सुवर्णाचे कोच सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक. त्यांनी पोरांसाठी फक्त नावडत्या पायाने खेळायच्या स्पर्धा घेतल्या होत्या. आपल्या गल्लीत उद्यापासून घेता येईल अशी गोष्ट आहे ही. 1962 च्या जकार्ता फायनलमध्ये डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग त्यांनी पुढे सेंटर-फॉरवर्डला खेळवला, त्याने गोल मारला, दक्षिण कोरिया 2-1 ने हरला. उलट पी. के. बॅनर्जी त्याच संघातले मोठे खेळाडू, आणि 1970 च्या बँकॉकमध्ये ते कोच म्हणून कांस्य घेऊन आले. जगात फ्रान्सचे देशाँ आहेत, कप्तान म्हणून आणि कोच म्हणूनही विश्वचषक जिंकलेले. आणि स्कालोनीही आहेत, कुठल्याही क्लबचे मुख्य कोच न होता अर्जेंटिनाला 2022 चा विश्वचषक मिळवून देणारे. स्कालोनींचं उदाहरण पोरांना फार आवडतं, पण ते सहाय्यक म्हणून आणि युवा संघांबरोबर काम करत होते हे कुणी सांगत नाही.

सहाय्यकाची वाट आपल्याला जास्त जवळची आहे. बेंगळूरचे षण्मुगम वेंकटेश देशाकडून खेळले आणि पुढे अनेक वर्षं राष्ट्रीय संघाचे सहाय्यक कोच होते. गोव्याचे महेश गवळी डेम्पो क्लबचे बचावपटू, तेही राष्ट्रीय संघाचे सहाय्यक आणि युवा संघाचे कोच झाले. मुख्य कोच हरला की जातो, सहाय्यक बऱ्याचदा टिकतो आणि शिकत राहतो.

आता आपल्या भागाचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, सगळी पोरं नोंदणीला कर्नाटकात. निपाणीच्या पोराला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम बेळगावपेक्षा जवळ आणि तिथल्या तालमींच्या मॅचला गर्दीही तुफान, पण कोल्हापूर महाराष्ट्राच्या संघटनेत येतं. एका वेळी एकीकडेच नोंदणी ठेवता येते. दुसऱ्या राज्यात खेळायचं तर महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीतून रीतसर बदली करून घ्या. "आधी खेळून घेऊ, कागद नंतर" असं केलं की नेमकी निवडीच्या वेळी हरकत निघते. कर्नाटकाच्या बाजूने राहण्यात तोटा नाही. मार्च 2023 मध्ये रियाधला मेघालयाला 3-2 हरवून याच राज्याने 54 वर्षांनी राज्या-राज्यांतली संतोष ट्रॉफी आणली.

क्रम असा ठेवा. अठरा पूर्ण झाली की स्वतः खेळत असतानाच डी करून टाका, राज्य संघटनेच्या घोषणेवर लक्ष ठेवा, जागा दोन-तीन दिवसांत भरतात. आधार, फोटो आणि डॉक्टरचा दाखला तयार ठेवा. तोवर आपल्या शाळेच्या चौदा वर्षांखालच्या संघाला आठवड्यातून तीन दिवस शिकवा आणि प्रत्येक सत्र वहीत लिहा : काय ठरवलं होतं, काय झालं, कुठे बिघडलं. सीच्या वर्गात "तुमचा संघ कोणता" हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि ज्याच्याकडे संघ नसतो त्याला पुढचं काहीच लिहिता येत नाही.